आगोटीसाठी व्हॅक्यूम सीलर : चार घरांच्या खरेदीच्या नोंदी

५ एप्रिल

काम असं : वाडीतल्या चार घरांत मिळून एक व्हॅक्यूम सीलर, म्हणजे पिशवीतली हवा ओढून तिचं तोंड चिकटवणारं यंत्र, घ्यायचा आणि यंदाची आगोट, म्हणजे पावसाळ्यासाठीचा घरचा साठा, त्याने पिशव्यांत भरायची. पैसे चौघांचे, त्यामुळे काय पाहून निवडलं ते लिहून ठेवते. "हेच का घेतलंत?" हा प्रश्न गणपतीपर्यंत कुणीतरी विचारणारच.

शहरात असं यंत्र आठवड्याला दोन-चार पाकिटांपुरतं लागतं. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये ते दिवसदिवस चालणार आणि नंतर गुहागरच्या दमट हवेत महिनोन्महिने कपाटात बसणार. म्हणजे सलग कामात तापून बंद पडणारं नको, आणि बसून बसून रबर आखडणारंही नको.

काय काय भरायचं, याची यादी काल पडवीत बसून केली. आमसुलं, काजूगर, सुकं खोबरं, मसाला, कुळीथ आणि चवळी, सोडे, जवळा, सुके बोंबील, सुका बांगडा. शिवाय मासेमारी बंद व्हायच्या आधी घेतलेली ताजी सुरमई, ती फ्रीजरसाठी. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, तेव्हा घरात साठा लागतोच. कुरडया आणि फेण्या यादीतून लगेच खोडल्या. हवा ओढली की त्यांचा चुरा होतो. त्यांचा पत्र्याचा डबाच बरा. कोकमाचं आगळही बाटलीतच राहणार.

९ एप्रिल

यंत्रांचे प्रकार मुळात दोन.

पहिल्यात पिशवीचं तोंड यंत्राच्या खाचेत ठेवायचं, झाकण दाबायचं, पंप तोंडातून हवा ओढतो आणि तापलेली तार पिशवी चिकटवते. हे स्वस्त, हलकं आणि ओट्यावर मावणारं. पिशवी मात्र एका बाजूने नक्षीची, खडबडीत हवी. त्या नक्षीच्या बारीक वाटांतूनच हवा बाहेर येते. गुळगुळीत पिशवीचे दोन पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि आतली हवा आतच राहते.

दुसरं चेंबरवालं. यात अख्खी पिशवी पेटीत ठेवायची आणि पूर्ण पेटीतली हवा काढायची. पिशवीच्या आत आणि बाहेर दाब सारखाच असल्याने रस्सा बाहेर ओढला जात नाही. गुळगुळीत, स्वस्त पिशव्या चालतात. सील झाल्यावर पेटीत हवा सोडली की पिशवी वस्तूला घट्ट बसते. मिठाईवाले, मटणवाले आणि काजू कारखाने हेच वापरतात. वजन मात्र दोघांनी उचलायचं, आणि किंमत पहिल्याच्या कितीतरी पट.

चेंबरची एक गंमत भावोजींना सांगितली तर त्यांचा विश्वास बसेना. दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळतं. हवेचा नेहमीचा दाब साधारण १०१३ मिलिबार. तो ४२ मिलिबारवर आणला की ३० अंशांचं पाणी उकळू लागतं, म्हणजे आपल्या ओट्यावरचं साधं पाणी. कालवण कोमट असताना चेंबरमध्ये घातलं तर ते पिशवीतच फसफसून वर येणार. आधी फ्रिजमध्ये गार करून घ्यायला हवं.

आमच्या यादीत कालवण नाहीच. रस्सेदार काही ठेवायचंच झालं तर डब्यात गोठवून त्याची वडी पिशवीत घालता येते. पहिल्याच प्रकारातलं घ्यायचं ठरलं.

१४ एप्रिल

जाहिरातींतले आकडे. कुणी -६० किलोपास्कल लिहितं, कुणी -८०, कुणी त्याहून जास्त. पिशवीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किती कमी होतो, त्याचा हा आकडा. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल. म्हणजे -६० वर पिशवीत साधारण ४० टक्के हवा उरते आणि -८० वर २० टक्के. "शंभर टक्के निर्वात" असं कुणी छापलं असेल तर ते पान तिथेच उलटावं.

हा फरक कुठे लागतो? तेलकट वस्तूंना. काजू, खोबरं आणि बांगडा खवट होतात ते मुख्यतः ऑक्सिजनमुळे, तेव्हा जितका कमी तितका चांगला. कडधान्यांच्या बाबतीत मात्र या आकड्यावर विसंबू नये. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. -८० वरही त्याचा पाचवा हिस्सा आत राहतो, आणि कुळथातल्या भुंगेऱ्यांची अंडी तेवढ्याने मरतीलच असं नाही. कडधान्य आधी कडक उन्हात किंवा चार दिवस फ्रीजरमध्ये, मग पिशवीत.

खोक्यावरचे वॅट पाहून यंत्र "दणकट" ठरवण्यात अर्थ नाही. त्यातले बरेच वॅट तार तापवायला जातात.

आमच्यापुरतं ठरलं : -७५ ते -८० च्या आसपास असेल तर पुरे. त्यापुढच्या आकड्यासाठी एक रुपया जास्त द्यायचा नाही.

१८ एप्रिल

ज्या आकड्याची जाहिरात होत नाही, तो महत्त्वाचा : सीलच्या पट्टीची रुंदी. स्वस्त यंत्रांत ही २-३ मिलिमीटर असते, बऱ्या यंत्रांत ५ किंवा दोन समांतर पट्ट्या. पंप मिनिटभर काम करतो, सीलला चार महिने हवा अडवायची असते. त्यात मसाल्याचा एक कण अडकला तर २ मिलिमीटरची पट्टी आरपार फुटते. ५ मिलिमीटरमध्ये कणाच्या दोन्ही बाजूंना चिकटायला जागा उरते.

चिपळूणला दुकानात यंत्र चालवून दाखवायला लावलं. दुकानदार पेन, चमचा असलं काही घालून पिशवी कशी आवळते ते दाखवत होता. ते बघायला छान, पण त्यातून काही कळत नाही. मी रिकाम्या पिशवीत अर्धा पेला पाणी घेतलं, हवा न ओढता नुसतं सील करायला सांगितलं, पिशवी उलटी धरली आणि दोन्ही हातांनी दाबली. एका यंत्राच्या सीलमधून कोपऱ्यात थेंब आला. दुकानदार म्हणाला, "ताई, पाणी कोण भरतं यात?" त्याचंही खरं, पण हवा पाण्याहून पातळ असते.

बाकी जे पाहिलं :

हवा न ओढता फक्त सील करण्याचं बटण हवंच. रोलमधून पिशवी बनवताना रोजचं तेच लागतं. हवा थांबत थांबत ओढण्याचं बटण असेल तर मऊ वस्तूंना सोय. खाचेतली पाणी साचायची पन्हळ काढून धुता यायला हवी, नाहीतर माशाचा वास यंत्राला कायमचा. तारेवरची टेफ्लॉनची पट्टी आणि भोवतीचं रबर हे झिजणारे भाग आहेत, ते सुटे मिळतात का आणि घरी बदलता येतात का? एका ठिकाणी उत्तर आलं, "वॉरंटीत अख्खं यंत्र बदलून देऊ." आणि वॉरंटी संपल्यावर? त्यावर हसला. ते यंत्र यादीतून गेलं.

दोन सीलच्या मध्ये किती थांबावं लागतं, हे माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असतं. कुठे २० सेकंद, कुठे मिनिटभर. आमच्यासारख्या सलग कामाला हा फरक फार मोठा आहे. मिनिटभर थांबणाऱ्या यंत्राबरोबर काजू भरायला बसलं तर अर्धा दिवस गप्पांतच जाईल. सासूबाई म्हणाल्या, "मग काय वाईट?"

२३ एप्रिल

पिशव्या. यंत्र एकदा घ्यायचं, पिशव्या दर वर्षी, त्यामुळे खरा खर्च इथेच आहे. ज्या यंत्राला त्याच कंपनीचा रोल लागतो ते नको. रोल २० आणि २८ सेंटिमीटर रुंदीचे सर्रास मिळतात आणि आम्ही पाहिलेल्या बहुतेक यंत्रांत २८ मावतो.

पिशवी नायलॉन आणि पॉलिथिन अशा थरांची असते. पॉलिथिन वितळून चिकटतं, नायलॉन हवा आणि वास अडवतं. नुसत्या पॉलिथिनची जाड पिशवी हाताला दणकट लागते, पण तिच्यातून ऑक्सिजन हळूहळू आत येतोच आणि जवळ्याचा वास बाहेर. पुण्याला पोरांकडे सुकट पाठवायची असेल तर नायलॉनवालीच. नाहीतर अख्ख्या एसटीला कळतं.

जाडी ९०-१०० मायक्रॉनच्या आसपास बघितली. अन्नासाठीचं प्लास्टिक भारतीय मानक आयएस ९८४५ प्रमाणे तपासलेलं असावं लागतं. एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षेचं सरकारी प्राधिकरण) २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या द्रव्यांची एकूण मर्यादा किलोला ६० मिलिग्रॅम आहे. विक्रेत्याकडे याचा चाचणी अहवाल मागितला. एकाने लगेच फोनवर पाठवला, दुसरा म्हणाला "सगळे हेच वापरतात". पहिल्याकडून घेतले.

एक युक्ती शेजारच्या काकूंच्या भाच्याने सांगितली. गुळगुळीत पिशवीच्या तोंडात नक्षीच्या पिशवीची दोन बोटांची पट्टी सरकवायची. पट्टीच्या वाटेने हवा निघते आणि पट्टीसकट सील बसतं. करून पाहिलं, जमतं. कोरड्या मालासाठी बराच खर्च वाचेल.

३० एप्रिल

यंत्र आलं. ५ मिलिमीटरची पट्टी, हाताने दाबून अडकवायचं झाकण, सोबत सुटी टेफ्लॉन पट्टी आणि रबर. किंमत चेंबरच्या दशांशाइतकीही नाही.

पहिल्या दिवशी सकाळची सीलं स्वच्छ, आरपार दिसणारी. संध्याकाळी सातनंतरची पांढुरकी, बोटाने ओढली तर सुटणारी. कारण यंत्रात नव्हतं, विजेत होतं. संध्याकाळी आमच्याकडे दाब उतरतो, पंपाचा आवाजही खाली येतो. तारेची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले तर उष्णता सुमारे ६१ टक्केच उरते, आणि यंत्राचा टायमर मात्र तेवढेच सेकंद मोजतो. सील करायचं काम सकाळी अकरा ते चारमध्येच करायचं असं चारही घरांना सांगितलं. संध्याकाळी अगदी नड असेल तर तेच सील थोडं अंतर सोडून दुसऱ्यांदा मारायचं.

पिशवीच्या तोंडाशी तीन-चार बोटं कोरी जागा सोडायची. इथे कंजुषी केली की तोंडावर सुरकुती पडते आणि सुरकुतीतून हवा शिरते.

७ मे

आमसुलं, काजू, खोबरं, मसाला उरकले.

आमसुलं ओलसर असतात, रस तोंडाकडे ओढला जातो. तोंडाशी मलमलची घडी ठेवली की रस तिथेच अडतो. आंबटपणा आणि मीठ दोन्ही असल्याने यांच्याबद्दल काळजी नाही. मसाला थेट पिशवीत घालायचा नाही, भुकटी पंपाकडे धावते. आधी कागदी पुडी, मग पिशवी. काजूला यंत्राने पूर्ण न्याय दिला.

१५ मे

सुकी मासळी. ही नोंद लांबणार.

थोरल्या जाऊबाईंनी बांगडा आणला तो वरून कोरडा, पाठीच्या काट्याजवळ दमट. दोन दिवस मळभ होतं, ऊन पुरतं लागलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "हवाच काढतोय ना आपण? मग कशाने खराब होणार?" हा प्रश्न सगळ्यांच्या मनात होता.

हवा काढली की बुरशी थांबते, कारण बुरशीला ऑक्सिजन लागतो. पण क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू असा आहे की त्याला ऑक्सिजन नसलेलीच जागा आवडते. त्याचे बीजाणू मातीत, चिखलात आणि माशांच्या आतड्यांतही असतात. ओलसर, आंबट नसलेलं अन्न, हवा नाही, खोलीचं तापमान : त्याला आणखी काही नको. त्याचं विष मज्जासंस्थेवर जातं आणि अगदी थोडं पुरतं. आणि पिशवीला वास येईलच, ती फुगेलच, असं काही नाही.

डब्यातला दमट बांगडा पावसात पांढरा पडतो, आपण नाक मुरडून तो फेकतो. बुरशी ही एक प्रकारे सूचना असते. पिशवीत ती सूचना मिळत नाही, मासा चार महिने चांगला दिसतो. म्हणून दमट मासळीला पिशवी डब्यापेक्षा वाईट.

दिलासा इतकाच की हा जंतू बुरशीपेक्षा जास्त पाणी मागतो. वॉटर ॲक्टिव्हिटी (जंतूंना वापरता येईल अशा पाण्याचं माप, शुद्ध पाण्याची १) ०.९३ च्या खाली गेली की त्याची वाढ थांबते, बुरशी मात्र त्याहून बऱ्याच कोरड्या वस्तूवरही धरते. म्हणजे जी मासळी इतकी सुकली की डब्यातही बुरशी धरणार नाही, तिच्यात याचं काही चालत नाही. आंबटपणाचंही तसंच, पीएच ४.६ च्या खाली, म्हणजे त्याहून आंबट वस्तूत, तो वाढत नाही. आमसुलं म्हणूनच बिनधास्त.

मीठ जास्त लावलंय, असं जाऊबाईंनी सांगून पाहिलं. मीठ मदत करतं, पण काट्याजवळ किती पोचलं ते डोळ्यांनी कळत नाही.

चारही घरांसाठी नियम : बोंबील वाकवला तर कट्कन मोडला पाहिजे. सोडे दाताखाली चिवट नाही, टणक लागले पाहिजेत. बांगडा काट्याजवळ फोडून बघायचा. परीक्षेत उतरला तर पिशवीत आणि कपाटात. नाही उतरला तर परत उन्हात, किंवा पिशवीत घालून थेट फ्रीजरमध्ये. मधला रस्ता नाही.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे वाळवायचं ते वाळवायचंच. यंत्र आलं म्हणून उन्हाची सुट्टी नाही." जाऊबाईंचा बांगडा दुसऱ्या दिवशी पुन्हा खळ्यात गेला.

याच कारणाने आणखी काही गोष्टींना बंदी : सोललेला कच्चा लसूण, तेलात घातलेला लसूण, पावसातली अळंबी. कोबी आणि फ्लॉवर कच्चे घातले तर वायू सोडून पिशवी फुगवतात, ते आधी उकळत्या पाण्यातून काढून, गार करून, कोरडे करून फ्रीजरसाठी.

१६ मे

कालच्यात राहिलं ते : बोंबलाची डोकी आणि बांगड्याचे काटे पिशवीला टोचतात. हवा ओढली की पिशवी काट्यावर दाबली जाते आणि सुईएवढं भोक पडतं. डोकी आधी मोडायची, काट्याच्या बाजूला बटर पेपरची दुहेरी घडी. मसाल्याच्या अख्ख्या दालचिनीलाही हेच.

२४ मे

सुरमई. तुकड्या ताटात सुट्या मांडून दोन तास फ्रीजरमध्ये कडक केल्या, मग पिशवीत. अशाने पाणी तोंडाकडे येत नाही आणि तुकडी दबत नाही. ताज्या मासळीला फक्त फ्रीजर, उणे १८. खालच्या फ्रिजचा कप्पा तिला चालत नाही, कारण मासळीत सापडणारा त्या बोट्युलिनम जंतूचा एक प्रकार ३.३ अंशांच्या थंडीतही वाढतो आणि घरचा फ्रिज साधारण ४-५ अंशांवर असतो.

बाहेर काढताना पिशवीचं तोंड आधी कापायचं, मग फ्रिजमध्ये वितळू द्यायचं. बंद पिशवीत वितळवायचं नाही. लांब वीज गेली आणि तुकड्या मऊ पडल्या तर पुन्हा गोठवायच्या नाहीत. किती वेळ मऊ होत्या ते माहीत असेल आणि त्या अजून बर्फासारख्या गार असतील तर त्याच दिवशी कालवण. नाहीतर टाकायच्या, वास चांगला असला तरी.

कच्च्या मासळीची पिशवी धुऊन पुन्हा वापरायची नाही. काजूची खुशाल वापरा, दर वेळी दोन बोटं तोंड कमी होतं इतकंच.

१२ जून

पाऊस लागला. सगळी पाकिटं दाबून पाहिली. बहुतेक दगडासारखी, काही सैल. सैल पाकीट पाण्यात बुडवून दाबलं की बुडबुडे कुठून येतात ते दिसतं. मसाल्याच्या दोन पिशव्यांना सीलमधून, बोंबलाच्या एकीला पोटात भोक. बोंबील कोरडाच होता, त्याची चटणी झाली. कुळथाचं एक पाकीट सैल होतं पण पाण्यात एकही बुडबुडा नाही. दाणे हलून बसले की मधल्या पोकळ्या बदलतात आणि पाकीट ढिलं वाटतं, हे नंतर लक्षात आलं.

२० जुलै

यंत्र कपाटात ठेवताना झाकण अडकवायचं नाही, नुसतं टेकवायचं. अडकवून ठेवलं तर रबर चेपून राहतं आणि पुढच्या वर्षी ओढ धरत नाही. टेफ्लॉन पट्टी मध्यभागी तपकिरी पडली होती, सोबत आलेली लावली. चार स्क्रू, दहा मिनिटं. ज्या दुकानदाराकडे सुटे भाग नव्हते त्याची आठवण झाली.

माल : काजू एप्रिलचेच वाटतात. खोबऱ्याला खवटपणा नाही. जवळा अजून गुलाबी आहे, दर वर्षी यावेळी पिवळा पडलेला असतो. मसाल्याच्या रंगात डब्यातल्यापेक्षा फार फरक दिसला नाही, त्याला पुढच्या वर्षी पिशवी नको, काळोखातली बरणी पुरे. आमसुलांचंही तेच, ती तशीही टिकतात. तेवढ्या पिशव्या वाचल्या.

धाकट्या जाऊबाईंच्या माहेरी चेंबरवालं घ्यायचं चाललंय आणि आपणही घेऊ असा सूर निघाला. काजूगर विकायचे झाले तर विचार करता येईल. घरच्या आगोटीपुरतं हेच चालेल. मार्चमध्ये दोन टेफ्लॉन पट्ट्या, एक रबर आणि २८ सेंटिमीटरचे रोल मागवायचे, पैसे चार घरांत सारखे.